पत्र्याला पोट येऊ नये म्हणून

आमच्या वराळे गावाची झाडं आरोग्यधामाच्या व्हरांड्यातून दिसतात, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर होते. ते म्हणायचे, ती वराळ्याची झाडं नव्हेत, अलीकडच्या कुणाच्या तरी मळ्यातली आहेत. मी वाद घालत नसे. बोलायला बंदीच होती. मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं नाही, उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. दर आठवड्याला डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत, म्हणजे आजारी फुफ्फुस दबून राहावं आणि त्याला विसावा मिळावा. उरलेला सगळा वेळ पडून राहायचं आणि झाडांकडे बघायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी तिशीच्या आतला होतो. मुंबईला एका कारखान्यात पाण्याच्या टाक्या आणि तेलाची पिंपं तयार होत, तिथं ग्यासच्या ज्योतीवर पत्रे जोडायचं माझं काम. आम्ही त्याला वेल्डिंग म्हणायचो. गावाकडे कुणी विचारलं तर भाऊ सांगायचा, "मुंबईला डाग द्यायच्या कामाला हाय त्यो." कल्हईवाला भांड्याला डाग देतो तसंच काहीसं गावाला वाटायचं. मग खोकला लागला, थुंकीतून रक्त पडलं आणि कारखान्याच्या डॉक्टरनं मला गावी जायला सांगितलं. गाव जवळ म्हणून तळेगावच्या बाजूच्या या आरोग्यधामात माझी सोय लागली.

गाव जवळ होतं, पण गावचं माणूस जवळ येत नव्हतं. भाऊ बाजाराच्या दिवशी तळेगावात येई, तेव्हा फाटकापाशी दगडावर गाठोडं ठेवी, लांबून हात वर करी आणि निघून जाई. मी डावा हात वर करी. माझ्या लग्नाला दोन पावसाळे झाले होते. दुखण्याचं नाव कळलं तसे सासरे तिकोणा पेठेहून आले आणि बायकोला घेऊन गेले. "चार महिने आमच्याकडं राहू द्या पोरीला, मग बघू," म्हणाले. तिची थोरली बहीण याच दुखण्यानं गेली होती.

आमच्या वॉर्डाच्या मागं एक पत्र्याची शेड होती. तिच्यात कपाटाएवढी मोठी लोखंडी पेटी होती. रोग्यांच्या गाद्या, चादरी, घोंगड्या त्या पेटीत घालून वाफेवर उकडायच्या, म्हणजे रोगाचे जंतू मरतात. पेटीचं दार म्हणजे दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाडीची एक मोठी लोखंडी प्लेट. ती चहूबाजूंनी स्क्रूंनी आवळून बसवायची. दार सपाट असेल तरच वाफ आत राहते. खालच्या अंगाला दार गंजून खाल्लं गेलं होतं, म्हणून कुणा गॅरेजवाल्याला बोलावून ठिगळ लावून घेतलं. त्यानं घाईनं एका दमात सगळ्या कडा जोडल्या आणि दाराला पोट आलं. मधे फुगलं, कडेला उचललं गेलं. स्क्रू कितीही आवळले तरी वाफ फसफसत बाहेर.

हे मला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे आमची भांडी-पिकदाण्या उचलणारी म्हातारी. आरोग्यधामात आमच्या खाटेला टेकून उभी राहणारी ती एकटीच. तिला कशाची भीती वाटत नसे. "मला म्हातारीला धरून त्यो रोग काय करणार?" असं म्हणायची.

मास्तर त्याच सुमारास गेले. त्यांची गादी शेडबाहेर उन्हात टाकलेली मला दोन दिवस दिसत होती. पेटी बंद, त्यामुळे गादी ना वापरता येत होती ना ठेवता. तिसऱ्या दिवशी ती जाळली. नंतर आणखी कुणाकुणाच्या घोंगड्या साठत गेल्या. थंडीचे दिवस तोंडावर आले होते.

मग एका सकाळी बैलगाडीचा आवाज आला आणि वारा माझ्याकडे फिरला तसा एक वास आला. कार्बाइडचा. पाण्यात कार्बाइड टाकलं की जो ग्यास निघतो त्याला कुजक्या लसणासारखा वास असतो. पहिल्यांदा वास घेणारा नाक मुरडतो. मी डोळे मिटून पडून राहिलो. कारखान्यातली माणसं, दुपारचे डबे, भोंगा, सगळं त्या वासात होतं. मुंबई सोडल्यापासून माझ्या ओळखीचं असं काही माझ्याजवळ आलं नव्हतं.

थोड्या वेळानं हातोड्याचे घाव ऐकू आले. ठण, ठण, ठण. आवाजावरूनच कळलं की माणूस पोटावर ठोकून ते बसवायला बघतोय. मी मावशींना खूण केली.

"मावशी, त्या मिस्त्रीला सांगा, ठोकू नका म्हणावं."

मावशी शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"अवो मिस्त्री, आमचा एक पेशंट म्हणतोय ठोकू नका."

"आवाजाचा तरास व्हतोय का त्याला? कानात बोळे घाल म्हणावं. दुपारपातुर आटपतो."

मावशी परत आल्या. मी म्हटलं, "तसं नव्हे. ठोकलं की लोखंड पसरतं. पोट कमी होत नाही, वाढतं."

मावशी पुन्हा गेल्या. "त्यो म्हणतोय, ठोकलं का पोट वाढतंय."

हातोडा थांबला. शेडच्या कोपऱ्यावरून एक उंच, दाढी पिकत आलेला माणूस पुढं आला. डोक्याला तांबडा रुमाल, अंगात जळून भोकं पडलेला कोट. आमच्या खाटांच्या रांगेवरून त्यानं नजर फिरवली.

"कोण म्हणला त्यो?"

मी डावा हात वर केला.

तो जवळ आला नाही. व्हरांड्यापासून बराच लांब, जांभळीखाली थांबला. माझा आवाज तिथवर पोचेना, म्हणून आमचं बोलणं मावशींच्या तोंडून झालं. लोणावळ्याचा मुसलमान मिस्त्री होता. रेल्वेत उमेदीची वर्षं काढून आता बाजारपेठेत स्वतःचं दुकान चालवत होता. "इंजनाची कामं म्या लय केल्यात," तो म्हणाला. "जाड माल, ओतीव माल, काय बी द्या. पातळ पत्र्याला माझा हात बसलेला न्हाई. डॉक्टरला बी सांगितलं मी. ते म्हणले, तरी तुमीच या."

मला तो माणूस तिथंच आवडला.

मी सांगितलं, जुनं ठिगळ कापून टाका. नवं ठिगळ चौकोनी नको, त्याचे कोपरे गोल करा, कारण कोपऱ्यात ताण साठतो. आधी चारी बाजूंना समोरासमोर छोटे छोटे टाके द्या, शिंपी कपड्याला देतो तसे. मग इकडे बोटभर जोडा, तिकडे समोर बोटभर जोडा. एका दमात पुढं जाऊ नका. मावशींनी हे सगळं आपल्या भाषेत करून सांगितलं. शिंप्याचं त्यांना फार पटलं होतं, ते त्यांनी तीनदा सांगितलं.

मिस्त्रीनं तसंच केलं. संध्याकाळी मावशी आल्या त्या पडेल चेहऱ्यानं. दार आधीपेक्षा वाईट झालं होतं. आता पोट नव्हतं, पण मधून खाली झोळ आला होता.

मला काही समजेना. सांगितलं ते बरोबर होतं, हे मी पाण्याच्या दहा टाक्यांवर पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना विचारलं, "दार ठेवलंय कशावर?"

"दोन दगडावर. ह्या टोकाला येक, त्या टोकाला येक."

चूक तिथं होती. मधे आधार नव्हता. तापल्यावर लोखंड मऊ पडलं आणि आपल्याच वजनानं खाली बसलं. कारखान्यात सपाट ओटा असायचा, त्यामुळे खाली काय आहे हे विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. मी खाटेवरून, न पाहिलेल्या लोखंडाबद्दल सांगत होतो.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी म्हटलं, "मला तिथं जाऊ द्या. नुसतं बसून बघेन."

"तुम्ही इथं विश्रांतीसाठी आहात," डॉक्टर म्हणाले.

"पडून असलो तरी डोक्यात तेच चाललंय. त्या मिस्त्रींची कालची सगळी मेहनत माझ्यामुळं गेली."

डॉक्टर तापाचा तक्ता बघत उभे राहिले. चांगला माणूस होता. वॉर्डात चादरी पुरत नव्हत्या हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शेवटी म्हणाले, "खुर्चीवरून नेतील. खुर्चीवरून उठायचं नाही. तोंडाला रुमाल. कुजबुजण्यापेक्षा मोठा आवाज नाही. आणि धूर तुमच्याकडे यायला लागला की लगेच परत."

दोघांनी मला वेताच्या खुर्चीसकट उचलून जांभळीखाली ठेवलं. मिस्त्रीनं वाऱ्याची दिशा पाहिली आणि दार माझ्यापासून पलीकडे ओढलं. त्यानं हे धुरासाठी केलं की माझ्यासाठी, हे मी ठरवायला गेलो नाही. किती महिन्यांनी मी झाडाखाली बसलो होतो! पायाखाली माती होती. एक मुंगळा पायावर चढला तो मी तसाच चढू दिला.

लोखंडाचं वागणं साधं आहे. तापलं की ते फुगतं आणि निवताना आखडतं. जिथं जोड देतो तिथलं लोखंड निवताना आखडायला बघतं, भोवतालचं थंड लोखंड त्याला सरकू देत नाही. त्या ओढाताणीत पत्रा कुठून तरी वाट काढतो. फुगतो, वाकतो नाहीतर पिळतो. तो ताण नाहीसा करता येत नाही. थोडा थोडा करून चहूकडे वाटून द्यायचा आणि निवेपर्यंत पत्र्याला जागचा हलू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हाती असतं.

आम्ही नदीची वाळू मागवून सपाट अंथरली. तिच्यावर दार ठेवलं. कुठं पोकळी नाही हे मिस्त्रीनं हात फिरवून पाहिलं. आरोग्यधामाच्या आवारात जुन्या रुळाचे दोन तुकडे पडले होते, ते दारावर आडवे टाकून शिकंज्यांनी आवळले. ठिगळाभोवती ओल्या चिकणमातीचं कडं केलं, म्हणजे आच पुढं पसरणार नाही. माती मावशींनी मळली. ठिगळ अगदी सपाट न ठेवता मधे किंचित उचललेलं ठेवलं. आखडताना ते ओढलं जाऊन सपाट यावं म्हणून.

आमच्यात खुणा ठरल्या. मी एक बोट वर केलं की थांबायचं. पंजा दाखवला की निवू द्यायचं. बोट ज्या बाजूला दाखवीन तिथं पुढचा टाका. मिस्त्रीचा हात पाहण्यासारखा होता. ज्योत त्याच्या हातात हलत नसे. लोखंडाचा रस झाला की तो अगदी वेळेवर तार पुढं सारायचा. पातळ कामाची सवय नव्हती इतकंच. जोड लाल असताना हलक्या हातोडीनं त्यावर टिचक्या मारायला मी सांगितलं. ही ठोकाठोक वेगळी. आखडणाऱ्या जोडाला ती जरा सैल करते. त्यानं मान हलवली आणि पहिल्याच टाक्याला त्याला ते जमलं.

पण खरं काम थांबायचं होतं. बोटभर जोडायचं आणि मग बसून राहायचं. मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसायचा, माझ्यापासून बैलगाडी जाईल एवढ्या अंतरावर. बिडी काढायचा, माझ्याकडं बघायचा आणि परत खिशात ठेवायचा.

"ओढा," मी कुजबुजलो. "वारा तिकडं आहे."

"र्‍हाऊ द्या." मग थोड्या वेळानं, "घरचं कोण येतं का?"

"भाऊ येतो. फाटकापातुर."

"बायको?"

"तिकोणा पेठेला असते. माहेरी."

त्यानं नजर दाराकडं वळवली. म्हणाला, "माझी गेली तिसऱ्या बाळंतपनात. तीन पोरी हायेत. थोरलीचं लगीन झालं, धाकटी सैपाक करती, खारट." आणि उठून दाराला पालथा हात लावून बघितला. "हात टिकतोय. मारू का पुढचा?"

मी बोट दाखवलं.

असा सबंध दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशीची दुपार. इतकं बोलणं माझं त्या वर्षात कुणाशी झालं नव्हतं, आणि ते सगळं मिळून एका पानात मावेल. कधी कधी आम्ही गप्पच बसत असू. गप्प बसण्यातही कुणीतरी सोबत असणं, हे मी विसरून गेलो होतो. संध्याकाळी मला खाटेवर ठेवलं की व्हरांडा आधीपेक्षा लांब वाटे.

काम संपलं तरी मी शिकंजे काढू दिले नाहीत. सगळं आपोआप निवू द्यायचं होतं. सकाळी रूळ उचलले आणि मिस्त्रीनं दाराच्या तोंडावर आडवी दोरी ताणून धरली. डाव्या कोपऱ्याला नखभर फट होती, बाकी सगळीकडे दोरी टेकली. तेवढी फट कडेला बसवायच्या नव्या गास्केटनं भरून निघाली. दुपारी पेटी पेटवली. वाफ बाहेर आली नाही. डॉक्टर हसले. मावशींनी घोंगड्यांचा पहिला ढीग आत ढकलला आणि "घ्या उकडून आता" म्हणाल्या.

मिस्त्रीनं गाडीत ऑक्सिजनचा बाटला चढवला, कार्बाइडचं पिंप चढवलं. मग जांभळीपर्यंत येऊन त्यानं सलामासाठी हात कपाळापर्यंत नेला.

"बरं झालात की या लोणावळ्याला. घाटात मोटारी आपटत्यात, पत्र्याचं काम लय येतं. मला ते जमत न्हाई."

गाडी गेली. कार्बाइडचा वास त्या शेडजवळ आणखी एखादा दिवस राहिला.

मी त्यानंतर पुष्कळ महिने तिथं होतो. मास्तरांच्या खाटेवर दुसरा आला, तोही गेला, तिसरा बरा होऊन घरी गेला. मग माझीही पाळी आली. डॉक्टर म्हणाले, "रोग थांबला आहे. गेला असं मी म्हणणार नाही. जपून राहा." भाऊ फाटकापाशी आला होता. या वेळी तो आत दोन पावलं आला.

वराळ्यात मला कुणी वाईट बोललं नाही. गोठ्याची पडवी सारवून स्वच्छ करून तिथं माझी खाट घातली होती. वहिनी ताट पायरीवर ठेवायच्या आणि पाणी वरून ओतायच्या. पुतणी पडवीकडे वळली की तिला आतून हाक यायची. हाक मारणारीचा आवाज मऊ असायचा, मला लागू नये म्हणून. मी भावाबरोबर भाताच्या खाचराकडे गेलो तर तो म्हणायचा, "बस तू बांधावर. दमशील." बांधावर बसून मी दिवस मोजत नव्हतो, पण तो संपायची वाट बघत असे.

सुगी झाल्यावर मी तिकोणा पेठेला गेलो. कामशेतला उतरून खिंड ओलांडून पवन मावळात गेलो. वाटेत दोनदा बसावं लागलं. सासऱ्यांनी अंगणात घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं, पाऊसपाण्याचं बोलले. मग "गोठ्यात बघून येतो" म्हणून उठून गेले. तेव्हा बायको दारात आली. उंबऱ्याच्या आतच थांबली. अंगानं भरली होती, बरी दिसत होती.

"बरं हाय का?" तिनं विचारलं.

"बरा आहे. डॉक्टरनं सोडलं. चल म्हणून आलोय."

ती चौकटीवर नख ओढत राहिली. "आक्काला बी सोडलं व्हतं डॉक्टरनं. दिवाळीत बरी व्हती. शिमग्याला न्हाई."

"माझं तसं नाही."

"न्हाई आसंल. पर मला लय भ्या वाटतं वो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं काय वाईट न्हाई. मी येत न्हाई."

मी तिच्यावर रागवावं असं मला स्वतःलाही वाटत होतं, पण राग येईना. ती खरं बोलत होती. एवढं खरं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मी गूळपाण्याचा तांब्या पालथा करून ठेवला, कुणी दुसऱ्यानं चुकून वापरू नये म्हणून, आणि निघालो.

त्याच आठवड्यात लोणावळ्याला गेलो. मिस्त्रीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. समोर एक मडगार्ड उताणं पडलं होतं आणि मिस्त्री त्याच्याकडे रागानं बघत उभा होता.

"आलात?" तो म्हणाला. "हे बगा काय झालंय. केळीच्या पानागत झालंय."

दुकानामागं लाकडं ठेवायची खोली होती, ती मला मिळाली. पहिल्यापहिल्यांदा मी नुसती मांडणी करायचो. कुठं आधार द्यायचा, कुठं शिकंजा, कुठला टाका आधी. ज्योत मिस्त्री धरायचा. दुकानाची पुढची बाजू उघडी, धूर राहत नसे. हळूहळू मी स्वतःही ज्योत धरू लागलो. डॉक्टरांना कळलं असतं तर रागावले असते. खोकला मात्र आला नाही.

मिस्त्रींनी मला काम दिलं, जागा दिली, ईदला शीरखुर्मा दिला. पण चहाचा माझा कप शेवटपर्यंत वेगळा होता. खिळ्याला टांगलेला असे, निळ्या काठाचा. तो मीच विसळायचो. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही नाही. घरात दोन मुली होत्या, त्यांना जपणं भाग होतं. एकदा भाऊ लोणावळ्याला आला होता. मला त्या कपातून चहा पिताना बघून बाजूला घेऊन म्हणाला, "तू मुसलमानाच्या हितं चा पितो व्हय? गावात कळलं तर काय म्हणतील?" मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो माझ्यापासून तेव्हाही हातभर मागं सरकून उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं की काय कोण जाणे, त्यानं विषय बदलला.

पावसाळ्यात लोणावळ्याला काम थंडावतं. ढग दुकानात शिरतात, समोरचा रस्ता दिसत नाही, हत्यारं गंजू नयेत म्हणून तेल लावत बसायचं. मिस्त्री जेवायला घरी गेले की मी आणि तो धो धो आवाज. लढाई सुरू झाली तसे पत्रे मिळेनासे झाले, जुनंच पुन्हा पुन्हा सांधायचं काम वाढलं. वर्षं त्यातच गेली.

अशाच एका पावसाळी दुपारी दुकानाच्या तोंडाशी कुणीतरी इरलं उतरवून उभं राहिलं. मी एका मोटारीच्या दाराला ठिगळ लावत होतो, दोन बाजूंचे टाके झाले होते, दोन व्हायचे होते. वर बघितलं तर सासरे.

"बसा," मी म्हटलं. "हे असं सोडता येत नाही. पिळून जाईल."

"करा, करा," ते म्हणाले आणि पिंपावर बसले.

मी उरलेले टाके मारले, जोड पुरा केला. त्याला वेळ लागला. मधे थांबायच्या वेळा येत, तेव्हा आम्ही दोघंही त्या दाराकडंच बघत बसायचो. शेवटी मी ज्योत विझवली.

"पाव्हणं," ते म्हणाले. पूर्वी जावईबापू म्हणायचे. "पोरगी किती दिस अशी बसनार? करुंजचा एक जण हाय, बायको मेलेला. त्याच्याशी दुसरं लगीन, पाट लावून द्यायचा म्हणतोय मी. तुमी चार मानसांत मोकळी केली तर..."

"तिचं काय म्हणणं?"

"तीच म्हणली, आधी त्यांना इचारा. न्हाई म्हणले तर नको."

मिस्त्री आत होते. ते मागच्या दारानं पावसात बाहेर गेले.

"येतो मी," मी म्हटलं. "सांगाल त्या दिवशी."

सासऱ्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "मगापासून बसलोय. खोकला न्हाई ऐकू आला तुमचा."

"नाही येत आता."

"कवापास्नं?"

"आरोग्यधामातून आल्यापासून."

त्यांनी इरलं उचललं. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो, कारण धुक्यात त्यांना वाट उमगत नव्हती.

पाऊस सरल्यावर पेठेला मारुतीच्या देवळापुढं चार माणसांसमोर मी गवताची काडी मोडून दोन बाजूंना टाकली. त्याला काडीमोड म्हणतात. क्षणाचं काम होतं. ती आली नव्हती. सासऱ्यांनी जेवून जायचा आग्रह केला, पण मला गाडी गाठायची होती असं सांगून मी निघालो. तशी गाडीला पुष्कळ वेळ होता. खिंडीत एक खडक आहे, त्याच्यावर बसून राहिलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता. खाली कुणीतरी बैलाला हाका मारत होतं, बैल काही ऐकत नव्हता.

लोणावळ्याला पोचलो तेव्हा मिस्त्री दुकान बंद करत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"धाकटीनं डबा ठेवलाय तुमच्या खोलीत," ते म्हणाले. "खारट आसंल. दही घ्या जोडीला."

कुलूप लावून ते घराकडे गेले. मी खोलीत कंदील लावला आणि डबा उघडला. आमटी खरंच खारट होती. मी ती सगळी खाल्ली.